सह्याद्रीतील घाटवाटा

कोकणची किनारपट्टी व दख्खनचे पठार यांच्यामध्ये उभी असलेली सह्याद्रीची मुख्य रांग ओलांडून जाणाऱ्या डोंगरी पायवाटा. ‘घाट’ हा शब्द मुळात उतरण्याची जागा वा पायऱ्या या अर्थाचा असून, नदीच्या काठाप्रमाणेच डोंगरातील चढउताराच्या जागेलाही तो लावला गेला. पुढे इंग्रजी अमदानीत सबंध पर्वतरांगेलाच ‘पश्चिम घाट’ हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रात उत्तरेस नासिक–ठाणे जिल्ह्यांपासून दक्षिणेस कोल्हापूर–सिंधुदुर्ग जिल्ह्यांपर्यंत अशा लहानमोठ्या शेकडो वाटा आहेत. त्यांपैकी मोजक्या वाटांचे गाडीरस्ते झाले, एकदोन ठिकाणी लोहमार्ग गेला. उरलेल्या वाटांवर डोंगरातील ग्रामस्थ आणि गिरिभ्रमण करणारे चालतात. वाट, तिच्या दोन्ही अंगांचे अरण्य आणि तिच्या दोन्ही टोकांची गावे ही तिन्ही सुमारे दोन हजार वर्षे परस्परांच्या आधाराने टिकली. गेल्या दोन शतकांत हा आधार कसा सुटत गेला, हा या वाटांच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय.

भूरचना व वाटांचे प्रकार : सह्याद्री हा सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत साचलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. बेसाल्ट खडकाचे कठीण व मऊ थर एकावर एक असल्याने त्याची झीज पायऱ्यापायऱ्यांनी होते. कठीण थरांचे उभे कडे राहतात आणि मऊ थरांच्या जागी सपाटी किंवा सौम्य उतार तयार होतात. पूर्वेकडून पाहिले असता डोंगर फारसा उंच भासत नाही. पठार हळूहळू चढत जाते आणि घाटमाथ्यावर एकाएकी तुटते. पश्चिमेस मात्र कोकणाच्या तळापासून कित्येक शेकडा मीटरांची भिंत उभी राहते. नैर्ऋत्य मोसमी वारे या भिंतीवर आदळत असल्याने घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस पडतो. महाबळेश्वर येथे त्याचे वार्षिक प्रमाण ५,००० मिमी.हून अधिक आहे. असे असूनही पाणी उतारावरून वाहून जात असल्यामुळे चैत्र–वैशाखात त्याच डोंगरातील वाड्यांना पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते. वाटेच्या कडेला खोदलेली पाण्याची टाकी व राखलेले झरे यांचे महत्त्व यावरून कळते.

वाटांची नावे या भूरचनेशी निगडित आहेत. कोकणातून निघालेली वाट बहुधा डोंगराच्या ‘सोंडे’ने ‘पदरा’त पोहोचते. पदर म्हणजे कड्याच्या मध्यावरील रुंद सपाटी. येथे दाट रान, एखादा झरा आणि पुष्कळदा ठाकर, कातकरी वा महादेव कोळी यांची वाडी असते. पदरातून माथ्यावर जाण्यासाठी कड्यातील फट शोधावी लागते. पाण्याने कोरलेल्या अरुंद घळीतून वाट जात असेल, तर तिला ‘नाळ’ म्हणतात, कड्याला शिडी लावून किंवा खोबण्या खोदून चढावे लागत असेल, तर ती ‘निसणी’ची वा ‘शिडी’ची वाट होय, माथ्यावर दोन सुळक्यांमधून ती बाहेर पडत असेल, तर त्या जागेस ‘दार’ किंवा ‘खिंड’ असे नाव मिळते. बोराट्याची नाळ, डोणीचे दार, खांडसहून भीमाशंकरास चढणारा शिडी घाट ही अशा नावांची उदाहरणे आहेत. सवाष्णी घाट, वाघजाई घाट यांसारखी नावे वाटेवरील दैवते व आख्यायिका यांची आठवण देतात. लादलेला बैल जाऊ शकेल ती मोठी वाट आणि केवळ माणूस जाऊ शकेल ती लहान वाट, हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे (१८८२) व पुणे (१८८५) या जिल्ह्यांच्या खंडांत घाटांच्या याद्या देताना हाच भेद पाळलेला आहे.

प्राचीन काळ : सर्वांत जुना लेखी पुरावा जुन्नरच्या पश्चिमेस असलेल्या नाणेघाटात मिळतो. कोकणातील वैशाखरे गावाकडून चढणारी ही वाट माथ्याजवळ एका अरुंद खिंडीतून बाहेर पडते. खिंडीच्या तोंडाशी खोदलेल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील प्रदीर्घ लेख आहे. हा लेख सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय इ. यज्ञांचा आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, हत्ती व कार्षापण नाण्यांच्या दक्षिणेचा तपशील आहे. संख्या अंकांत कोरलेल्या असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या अभ्यासातही या लेखास मोठे स्थान आहे. मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका इत्यादींच्या प्रतिमा होत्या. आता त्यांची नावे व काही अवशेषच उरले आहेत. राजघराण्याने आपले वैभव राजधानीत न कोरता एका डोंगरवाटेवर कोरावे, यावरून त्या वाटेवरील वर्दळीची कल्पना येते. खिंडीतील मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे.

नाणेघाटाचे कोकणातील टोक कल्याण बंदराकडे आणि देशावरील टोक जुन्नरमार्गे पैठणकडे जात असे. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण, पैठण व तेर (तगर) या तिन्ही ठिकाणांचा उल्लेख आहे. कल्याण हे पूर्वी खुले बंदर होते. परंतु नंतरच्या राजवटीत तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे बंदर कोणाच्या ताब्यात आहे, यावर डोंगरातील वाटेचे भवितव्य ठरत होते. बोरघाटाच्या परिसरातील कार्ले, भाजे, बेडसे व कोंडाणे आणि जुन्नरभोवतालचे लेणीसमूह याच मार्गांच्या आश्रयाने वाढले. कार्ले येथील लेखांत धेनुकाकट येथील यवनांनी व इतर गृहस्थांनी दिलेल्या स्तंभांची नोंद आहे. पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद होत आणि भिक्षूंचा वर्षावासही त्याच काळात असे. उरलेल्या काळात व्यापारी व भिक्षू एकाच वाटेने जात.

मध्ययुग : बहमनी काळात चौल व दाभोळ या बंदरांतून अरबी घोडे घाटमाथ्यावर येत. रशियन व्यापारी अफानासी निकितिन हा १४६९ च्या सुमारास चौल येथे उतरला आणि डोंगर ओलांडून जुन्नरला पोहोचला. या प्रवासाला त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. जुन्नरमध्ये त्याने पावसाळा काढला. तेथील पावसाचे आणि चिखलाचे त्याने केलेले वर्णन आजही ओळखीचे वाटते.

अरण्यातील वाट जाणणाऱ्यास ती शस्त्राप्रमाणे उपयोगी पडे. बहमनी सेनापती मलिक-उत्‌-तुज्जार हा १४५३ च्या सुमारास खेळणा (नंतरचा विशाळगड) घेण्यासाठी निघाला असता शिर्क्यांनी वाटाड्याचे सोंग घेऊन त्याचे सैन्य घनदाट रानात नेले आणि तेथे त्याचा संहार झाला, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. दोनशे वर्षांनंतर शिवाजी महाराजांनी याच तत्त्वाचा पद्धतशीर उपयोग केला. १६५६ मध्ये जावळीचे खोरे ताब्यात आल्यावर पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड बांधण्यात आला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला आणि जावळीच्या रानात त्याच्या फौजेस परतीची वाट सापडली नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान हा लोणावळ्याजवळील कुरवंडा घाटाने कोकणात उतरत असताना उंबरखिंडीत कोंडला गेला आणि शरण आला. या दोन्ही प्रसंगी संख्येपेक्षा वाटांची माहिती निर्णायक ठरली. ती माहिती मावळ्यांची, म्हणजे खोऱ्यातील शेतकरी, कोळी, रामोशी, धनगर यांची होती.

सह्याद्रीतील बहुतेक किल्ले एखाद्या घाटावर नजर ठेवण्यासाठी बांधलेले आहेत. नाणेघाटाभोवती जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी. बोरघाटाभोवती राजमाची व लोहगड अशी साखळी दिसून येते. किल्ल्याखालील माऱ्याच्या जागी ‘मेटे’ असत आणि मेटकरी येणाऱ्याजाणाऱ्यांवर लक्ष ठेवीत. घाटाच्या तोंडाशी जकातीची चौकी असे. घाटपांडे हे आडनाव या व्यवस्थेतील वंशपरंपरागत अधिकाऱ्याचे स्मरण देते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात अरण्यासंबंधीचे धोरणही आढळते. आरमारासाठी सागवानासारखी लाकडे परवानगीने तोडावीत. परंतु आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असल्याने ती बळाने तोडू नयेत, असा त्याचा आशय आहे. रयतेचे झाड तोडणे म्हणजे तिला दुःख देणे, हा त्यामागील विचार होय.

वाट व गाव : लष्करी प्रसंग विरळ, वाटेवरील रोजची रहदारी ही व्यापाराची व नातेसंबंधांची होती. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ व तांदूळ वर जात. देशावरून ज्वारी–बाजरी, गूळ, मिरची, कांदे व तूप खाली येई. लमाण व वंजारी यांचे लादलेल्या बैलांचे तांडे मोठ्या घाटांनी चालत. लहान वाटांनी डोईवरचा व कावडीचा व्यापार होई. आठवड्याच्या बाजारास जाणारा मनुष्य पहाटे घाट उतरे आणि दिवेलागणीस परत चढे. घाटाच्या वरच्या व खालच्या गावांत सोयरिकी होत. एका जत्रेस दोन्हीकडची पालखी येई. भीमाशंकरास महाशिवरात्रीला कोकणातून गणेश घाटाने येणारे यात्रेकरू ही परंपरा आजही पाळतात.

वाट टिकण्यासाठी तिची सतत राखण करावी लागते. एका पावसाळ्यात दरड कोसळून पायऱ्या निखळतात, पाण्याच्या लोटाने माती वाहून जाते आणि कारवीचे रान दोन्ही अंगांनी आत सरकते. कारवी ही सात वर्षांतून एकदा सामुदायिकपणे फुलणारी झुडपे असून डोंगराच्या उतारावर ती पुरुषभर उंच वाढतात. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी वापरल्या जातात. दसऱ्यानंतर कारवी तोडणे, निखळलेले दगड बसविणे आणि झऱ्याचे तोंड साफ करणे ही कामे वाटेवरची गावे आपल्या गरजेपोटी करीत. यासाठी सरकारी खाते नव्हते. ज्या वाटेने माणसे व जनावरे जात, ती वाट त्यांच्या जाण्यानेच मोकळी राही. दोनचार वर्षे कोणी न गेल्यास जाणत्या माणसालाही ती सापडणे कठीण होई.

अरण्य व देवराया : घाटमाथ्यावरील नैसर्गिक वन निमसदाहरित असून त्यात अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा इ. वृक्ष प्रमुख आहेत. आकाशाला झाकणारे त्यांचे छत्र, खोडांवरील शेवाळ व आमरे, माणसाच्या मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली आणि उंचावरून झेपावणारा शेकरू ही या वनाची लक्षणे होत. तथापि, असे वन आता सलग आढळत नाही. ते जेथे टिकले आहे, तेथे बहुधा देवराई आहे.

देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावे राखलेले रान. भैरवनाथ, काळकाई, वाघजाई, म्हसोबा, वरदायिनी अशा दैवतांच्या या रानांत कोयता वा कुऱ्हाड चालवू नये, वाळलेले लाकूडही घरी नेऊ नये, असा दंडक असे. मंदिराच्या दुरुस्तीसाठी लाकूड हवे असल्यास देवीचा कौल घेतला जाई. नाचणी व वरी यांच्यासाठी डोंगर उतारावर फिरती शेती करणारे, भाताच्या रोपासाठी झाडांच्या फांद्या छाटून राब जाळणारे हेच लोक गावाच्या एका अंगाला अशी राई पूर्णपणे अस्पर्श ठेवीत. पुष्कळ देवरायांत बारमाही झरा आहे आणि पुष्कळ देवराया घाटवाटेच्या तोंडाशी आहेत; चढून आलेल्या वाटसरूस सावली व पाणी तेथेच मिळे. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व परिस्थितिवैज्ञानिक माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी करून, इतरत्र दुर्मीळ झालेल्या वनस्पती तेथे टिकून असल्याचे दाखवून दिले. भीमाशंकरजवळील आहुपे येथील भैरवनाथाची देवराई या प्रकारची नामांकित राई आहे. येथूनच कोकणात उतरणारा आहुपे घाट सुरू होतो.

म्हणून सह्याद्रीतील प्राचीन अरण्यास मनुष्याचा स्पर्श झालेला नाही, ही समजूत बरोबर नाही. जे टिकले, ते कोणीतरी ठरवून राखल्यामुळे टिकले. आणि ज्यांनी राखले, ते त्या रानाच्या कडेलाच राहत होते.

गाडीरस्ता, लोहमार्ग व जंगलकायदा : एकोणिसाव्या शतकात ही घडी विसकटली. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्यासाठी बोरघाटाची वाट सुधारण्यात आली आणि १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या हस्ते तेथील गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर १८६३ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा बोरघाटातील लोहमार्ग आणि १८६५ मध्ये थळघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला. बोरघाटातील मार्गासाठी २५ बोगदे खोदावे लागले. काम ऐन भरात असताना तेथे सु. ४०,००० मजूर राबत होते आणि पटकी, ताप व अपघात यांत त्यांतील हजारो मरण पावले. लोहमार्ग सुरू होताच बैलांच्या तांड्यांचा व्यवसाय बसला. दोन हजार वर्षे चालू असलेला नाणेघाट एका पिढीत आडवाट झाला. ज्या गावांना जकात, हमाली, बैलांचा चारा व मुक्कामाची वर्दळ यांतून चार पैसे मिळत, ती गावे नकाशाच्या कोपऱ्यात गेली.

त्याच सुमारास वनांची मालकी बदलली. रेल्वेच्या शिळेपाटांसाठी आणि मुंबईच्या बांधकामासाठी लाकडाची मागणी वाढली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव वने निर्माण करून राब, चराई व सरपण यांवर निर्बंध घातले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध इतका असंतोष माजला, की सरकारला १८८५ मध्ये एक चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. तत्पूर्वी सावकारी व राजवट यांविरुद्ध महादेव कोळ्यांचा उठाव झालेला होता. त्याचा नेता राघोजी भांगरे हा अकोले–जुन्नर भागातील डोंगरवाटांच्या आश्रयाने कित्येक वर्षे सरकारच्या हाती लागला नाही. १८४८ मध्ये ठाणे येथे त्याला फाशी देण्यात आली. पुढे विसाव्या शतकात मालकी रानांची तोड आणि मुंबई–पुण्यासाठी कोळसा पाडण्याच्या भट्ट्या यांमुळे घाटमाथा झपाट्याने उघडा पडला.

धरणांनी काही वाटा पाण्याखाली नेल्या. मुळशी खोऱ्यातील टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. तो अयशस्वी झाला व खोऱ्यातील अनेक गावे बुडाली. १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण आणि १९६० च्या दशकातील कोयना धरण यांमुळेही खोऱ्यांतील जुने मार्ग तुटले. कोयनेच्या खोऱ्यातील वासोटा किल्ल्यास जाणारा प्रवासी आता बामणोलीहून शिवसागर जलाशय नावेने ओलांडून आणि वनखात्याची परवानगी घेऊन चढतो.

गिरिभ्रमणाचा उदय : डोंगरात केवळ आनंदासाठी हिंडण्याची प्रथा प्रथम इंग्रजांनी रूढ केली. १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर आणि १८५० नंतर माथेरान ही त्यांची थंड हवेची ठिकाणे वसली. मराठी समाजात या हिंडण्यास वेगळे वळण लागले. किल्ले पाहणे ही इतिहासाची उपासना ठरली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चिंतामण गंगाधर गोगटे यांनी महाराष्ट्रातील किल्ल्यांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. पुढे गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांनी आपल्या दुर्गभ्रमणाने व लेखनाने अनेक पिढ्यांना डोंगराची ओढ लावली. १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहण संस्था स्थापन झाली आणि त्यानंतरच्या दशकांत मुंबई, पुणे, नासिक येथे अशा अनेक संस्था निघाल्या. हरीश कपाडिया यांच्या ट्रेक द सह्याद्रीज या इंग्रजी मार्गदर्शक ग्रंथामुळे आणि आनंद पाळंदे यांच्या डोंगरयात्रा या मराठी ग्रंथामुळे वाटांची माहिती सर्वांस उपलब्ध झाली.

विस्मृतीत जाऊ पाहणाऱ्या कित्येक वाटा या मंडळींनी पुन्हा शोधल्या. हा शोध बहुधा एका रीतीने झाला : घाटाखालच्या वाडीत जाऊन एखाद्या वृद्धास विचारावयाचे आणि त्यास वा त्याच्या मुलास वाटाड्या म्हणून सोबत न्यावयाचे. नकाशावर नसलेली नाळ, उन्हाळ्यातही न आटणारे टाके, पावसाळ्यात निसरडी होणारी जागा ही माहिती गुराखी, मध काढणारे, हिरडा वेचणारे आणि माहेरी जाणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे होती. शहरातून आलेल्या गिरिप्रेमींनी तिची नोंद केली, ही त्यांची मोठी कामगिरी होय. तथापि, छापील वर्णनांत वाट दाखविणाऱ्याचे नाव क्वचितच आले.

संरक्षण व सद्यस्थिती : १९८५ मध्ये भीमाशंकर व कोयना आणि १९८६ मध्ये कळसूबाई–हरिश्चंद्रगड ही अभयारण्ये घोषित झाली. चांदोली अभयारण्यास २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प निर्माण झाला. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार आहेत. २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचाही जागतिक वारसा यादीत समावेश झाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड हे त्यांपैकी सह्याद्रीतील किल्ले होत. या उपायांनी अरण्यास संरक्षण मिळाले, हे निश्चित. मात्र कोयना व चांदोली परिसरातील अनेक गावे आधी धरणासाठी आणि नंतर वन्यप्राण्यांसाठी हलविली गेली, आणि गावांबरोबर त्यांच्या वाटाही मोडल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्यांचे वैयक्तिक व सामूहिक हक्क मान्य केल्यानंतर संरक्षणाच्या कामात ग्रामसभेला कायदेशीर स्थान मिळाले. आंबेगाव–जुन्नर भागातील महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरडा वेचून जे उत्पन्न मिळते, त्याच्या दृष्टीने हे हक्क महत्त्वाचे आहेत.

डोंगरातील वस्ती किती असुरक्षित आहे, हे अलीकडील दुर्घटनांनी दाखवून दिले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक लोक मरण पावले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे तसाच प्रसंग ओढवला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली आली; २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या. या वाडीस मोटाररस्ता नव्हता. मदतपथकांना अंधारात व मुसळधार पावसात पायवाटेने चढावे लागले, माती उपसण्याची मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत आणि बरेचसे काम हातांनी करावे लागले. परिसरातील गिर्यारोहक त्या कामी धावून आले. सुटीच्या दिवशी हौसेने चढावयाची ती वाट तिथल्या रहिवाशांची दवाखाना, शाळा व बाजार यांकडे जाण्याची एकमेव वाट होती.

एकविसाव्या शतकात गिरिभ्रमण हा बहुजनांचा छंद झाला. पावसाळ्यातील सुट्यांच्या दिवशी कळसूबाई, हरिश्चंद्रगड, लोहगड, राजमाची यांसारख्या ठिकाणी इतकी गर्दी लोटते, की वाट रुंदावून माती उघडी पडते, टाक्यांचे पाणी दूषित होते आणि कचरा साठतो. दुसरीकडे, गर्दीच्या ठिकाणांपासून दोनचार कोसांवरील घाट ओस पडत आहेत. डोंगरातील तरुण रोजगारासाठी मुंबई–पुण्यास जातात. बैल कमी झाले. बाजारास जावयाचे, तर लांबच्या वळणाने का होईना मोटारीने जाणे सोयीचे ठरते. वाटाड्याचे काम, घरगुती भोजन व मुक्काम यांतून काही गावांस उत्पन्नाचे साधन मिळू लागले आहे. जेथे ते गावाच्या हाती राहिले, तेथे वाट साफ करण्याची व देवराई राखण्याची जुनी शिस्तही टिकल्याचे दिसते. जेथे बाहेरील आयोजक सर्व व्यवस्था आपल्याबरोबर आणतात, तेथे गावाच्या वाट्यास कचराच येतो.

जुन्या घाटवाटांच्या जतनाचा विचार करताना केवळ पायऱ्यांची डागडुजी किंवा लोखंडी शिड्या व कठडे यांची उभारणी पुरेशी ठरत नाही. नाणेघाटातील लेख खडकात कोरलेला असल्यामुळे टिकला. पण त्या खिंडीतून जाणारी वाट टिकली, ती व्यापार खुंटल्यानंतरही दोन्हीकडच्या गावांतील माणसे तिने जात राहिली म्हणून. ज्या घाटाच्या माथ्यावर व पायथ्याशी वस्ती नांदती आहे, त्या घाटात दसऱ्यानंतर आजही कारवी तोडली जाते आणि वाट मोकळी होते. जेथे वस्ती उठली आहे, तेथे काही पावसाळ्यांत रान वाटेवर येते आणि घाटाचे नाव तेवढे जुन्या याद्यांत राहते.